अंगठ्याचे बटण

डिकोरा, आयोवा
११ नोव्हेंबर

पुढील पत्रांतून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. माझा धाकटा भाऊ व्हर्लिन ऑस्टबी याची दृष्टी यंदाच्या उन्हाळ्यात शाबूत होती; आणि ती गेली असे ठरवून ज्या कागदावर दोन सह्या झाल्या, त्या सह्यांना आधार नव्हता.

कागद कोणता, हे आधी सांगितले पाहिजे. व्हर्लिन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. त्याची सारी नोकरी विजेच्या खांबांवर चढण्यात झाली आणि निवृत्तीनंतर तो उत्तर मिनेसोटात एका तळ्याकाठी राहतो. तीन वर्षांपूर्वी त्याची पत्नी जॉइस वारली. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याने आपणहून मला एक करारपत्र तयार करायला सांगितले. "ज्या दिवशी मला नीट दिसत नाही असं तुला आणि मारितला, दोघांनाही वाटेल, त्या दिवशी सह्या करा. गाडीच्या आणि बोटीच्या किल्ल्या देईन, मारितकडे डलूथला राहायला जाईन. वाद घालणार नाही." मारित ही त्याची एकुलती मुलगी, इस्पितळात नर्स आहे. मी छत्तीस वर्षे महाविद्यालयात युक्तिवाद शिकवला. मसुदा मी केला आणि त्यात फट ठेवली नाही. 'वाद घालणार नाही' हे त्याचे शब्द त्याच्याच आग्रहावरून जसेच्या तसे ठेवले.

पत्रे तारखेनुसार लावली आहेत; माझी स्वतःची मी ठेवलेल्या नकलांवरून. बिनमहत्त्वाचा मजकूर गाळला आहे. अडचणीचा गाळलेला नाही.

*

डिकोरा, २४ मे

प्रिय मारित,

शुक्रवारी, १८ तारखेला तुझ्या वडिलांकडे गेलो आणि रविवारी परतलो. व्हर्लिन ठीक आहे. स्वयंपाकघर स्वच्छ, खिडक्या अस्वच्छ. दोन वेळा तळलेला वॉलआय मासा जेवलो आणि तिसऱ्या वेळी आदल्या दिवशीचा उरलेला. लून पक्ष्यांची जोडी तळ्यावर परतली असून दोघे आळीपाळीने लव्हाळ्यांतल्या घरट्यावर बसतात. दिवसाचे चार तास व्हर्लिनही त्यांच्यासमोर बोटीत बसतो. तीस वर्षे एकाच पक्ष्याचे फोटो काढून आता काय शिल्लक राहिले असेल, असे मी त्याला विचारले. "तू छत्तीस वर्षं एकच अनुमान शिकवलंस, त्यात काय शिल्लक होतं?" असे त्याने विचारले. मला उत्तर सुचले, पण तोवर तो भांडी घासायला गेला होता.

सोबत त्याचा धक्क्यावरचा फोटो पाठवीत आहे. शनिवारी सकाळी त्याच्याच कॅमेऱ्याने मी काढला आणि दुपारी गावात छापून घेतला. कॅमेरा प्रथम ऐकायला तयार नव्हता, त्याला ताळ्यावर आणावे लागले. परंतु फोटो चांगला आला आहे.

तुझा,
हार्लनकाका

*

डलूथ, ८ जून

हार्लनकाका,

फोटो पोचला. बाबा हसलेत त्यात, म्हणजे तुम्ही नक्की काहीतरी गंभीर बोलत होतात.

काका, तो कागद बाहेर काढायची वेळ आली आहे असं मला वाटतं. मार्चमध्ये बाबांच्या घरासमोरची, रस्त्याकडेची पोस्टपेटी कुठल्यातरी गाडीचा धक्का लागून आडवी झाली. बाबा म्हणतात, बर्फ काढणाऱ्या गाडीने पाडली. असेलही. पण मागच्या रविवारी मी गेले तर त्यांनी मला फोटो दाखवले नाहीत. एरवी मी बूट काढायच्या आत माझ्या हातात फोटो असतात. मी म्हटलं, "यंदाचे कुठायत?" तर म्हणे, "यंदा काही धड येत नाही," आणि लगेच, "कॉफी घेशील का." मी वॉर्डात रोज म्हातारी माणसं बघते. ज्याला दिसेनासं होतं तो 'दिसत नाही' असं कधी म्हणत नाही. 'उजेड कमी आहे' म्हणतो, 'छपाई वाईट आहे' म्हणतो, आणि कॉफी विचारतो.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मागितली, सप्टेंबरातली मिळाली. तोवर ते गाडी चालवणार, एकटे बोटीत जाणार. आई असती तर मी एवढी घाबरले नसते.

माझी सही केली आहे. कागद सोबत आहे. राग मानू नका, पण लवकर कळवा.

मारित

*

डिकोरा, १४ जून

प्रिय मारित,

सही न करता कागद माझ्याजवळ ठेवून घेतो. पोस्टपेटी पडण्याची दोन कारणे सारखीच संभवतात. ज्या घटनेची दोन कारणे सारखीच संभवतात, तिच्यावरून कोणतेही एक सिद्ध होत नाही. फोटो न दाखवणे हे मौन आहे, आणि मौन हा पुरावा नव्हे.

पुरावा कोणता, ते सांगतो. व्हर्लिनने तीस वर्षे एकाच तळ्यावर, एकाच पक्ष्याचे फोटो काढले आहेत. हे त्याच्या दृष्टीचे अखंड दप्तर आहे. गतवर्षीचे आणि यंदाचे फोटो शेजारी ठेवून फरक दाखव. दिसला तर सही करीन. न दिसल्यास हा विषय सप्टेंबरपर्यंत पुन्हा काढू नये.

तुझा,
हार्लनकाका

*

तळ्यावरून, १९ जून

प्रोफेसर,

वाढदिवसाचं कार्ड मिळालं. शुभेच्छांचे तू परिच्छेद पाडले आहेस. शेजारच्या आर्नी कॉस्कीला दाखवलं, तो म्हणाला, "निकाल काय लागला?"

पिल्लू आलं. एकच. दुसरं अंडं फुटलं नाही. बापाच्या नाहीतर आईच्या पाठीवर बसून फिरतं, खाली पाणी आहे याचा त्याला पत्ताच नाही.

एक विचारायचं होतं. कॅमेरा विचित्र वागतोय. माझा अंगठा कायम मागच्या बटणावर असतो. कॅमेरा आणला त्या दिवशीच जॉइसने पुस्तिका वाचून तसं लावून दिलं होतं. अंगठ्याने पक्षी धरायचा, वरच्या बोटाने नुसता फोटो टिपायचा, एकाने दुसऱ्याच्या कामात पडायचं नाही. ती म्हणाली, आपला संसारही असाच चालतो. अकरा वर्षं तेच करतोय. अंगठा दाबून पक्ष्याच्या डोळ्यावर नेमकं धरतो, अंगठा उचलतो, चौकट जराशी सरकवतो म्हणजे पाण्यातली सावलीही आत येते, आणि बोट दाबतो. हल्ली बोट टेकलं की कॅमेरा पक्षी सोडून देतो आणि पुढचं लव्हाळं धरतो. हातातून कुणी ओढून घेतल्यासारखं वाटतं.

की माझ्याच डोळ्यांत काही झालंय? खरंच कळत नाही. मारितला बोलू नकोस, ती आधी नाडी बघेल आणि मग ऐकेल. तुला काही सुचलं तर लिही.

व्हर्लिन

*

डलूथ, ३० जून

हार्लनकाका,

तुम्ही मागितलात तो पुरावा. बाबा लाकडं फोडत होते तेव्हा कॅमेऱ्यातलं कार्ड घेतलं, गावात जाऊन छापून आणलं आणि परत ठेवलं. आपल्याच बापाच्या घरात चोरी केली. बारा फोटो गेल्या वर्षीचे, बारा यंदाचे शेवटचे.

गेल्या वर्षी पक्ष्याच्या डोळ्यातला लाल रंग वेगळा ओळखू येतो. पाठीवरचे पांढरे चौकोन मोजता येतात. यंदा पक्षी म्हणजे धुक्यात ठेवलेलं गाठोडं. बाराच्या बारा. पिल्लू तर आहे हे सांगावं लागतं.

मला हे खरं ठरायला नको होतं. तुम्ही म्हणालात म्हणून केलं.

मारित

*

डिकोरा, ९ जुलै

प्रिय मारित,

फोटो पाहिले. तीन संध्याकाळी पाहिले. पक्षी तोच, तळे तेच, कॅमेरा तोच. ज्या गोष्टी बदलल्या नाहीत त्या वजा केल्या म्हणजे बदलणारी एकच उरते, ती पाहणारा. विरुद्ध बाजूने कोणताही पुरावा माझ्यासमोर नाही. तेव्हा कराराची अट पूर्ण झाली असे मी मानतो आणि सही करून कागद परत पाठवितो.

व्हर्लिन शब्दाचा पक्का आहे. तुला त्रास देणार नाही.

तुझा,
हार्लनकाका

*

डलूथ, २ ऑगस्ट

प्रोफेसर,

किल्ल्या दिल्या. बोट आर्नीने नेली. विकत नाही, सांभाळायला. मारितने मला वरची खोली दिली आहे. खिडकीतून मोठं सरोवर दिसतं. छान आहे, पण एवढ्या पाण्यात कुणाची ओळख होत नाही.

मारित चांगली आहे. जिन्याच्या कडांना तिने पिवळी पट्टी चिकटवली. मला त्या पट्टीशिवायही पायरी दिसते असं मला वाटतं, पण आता माझ्या वाटण्याला काय अर्थ आहे? पट्टीवरच पाय ठेवतो.

निघालो तेव्हा पिल्लू सहा आठवड्यांचं होतं. मासा त्याच्या चोचीतून निसटत होता. पुढे काय झालं ते आर्नी सांगतो, पण त्याला लून आणि बदक यांतला फरक कळत नाही. कॅमेरा कपाटात ठेवला.

वाद घालणार नाही म्हटलं होतं. घालत नाही.

व्हर्लिन

*

डलूथ, १७ सप्टेंबर

हार्लनकाका,

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी बाबांना दोन तास तपासलं. नंतर मला आत बोलावून म्हणाल्या, "यांना इथे कशाला आणलंत? असे डोळे मला मिळाले तर मी चष्मा आजच फेकून देईन." गाडी चालवा, बोट चालवा, म्हणाल्या. बाबा घराच्या दारात आल्यावर म्हणाले, "मग ते काय होतं?"

तेच विचारायला मी कॅमेरा आणि फोटो घेऊन इथल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. रेमर म्हणून एक गृहस्थ आहेत, आयुष्यभर कॅमेरे दुरुस्त करतायत. त्यांनी फोटोंकडे एक मिनिट पाहिलं. "बाई, हे धूसर कुठायत? लव्हाळं बघा. त्याच्या धारेने दाढी होईल. ज्याला दिसत नाही त्याचं लव्हाळंही पुसट येतं." मग कॅमेरा चालू करून म्हणाले, "याच्या सगळ्या मांडण्या, सेटिंग्ज हो, कुणीतरी दुकानातल्या नव्या कॅमेऱ्यासारख्या करून ठेवल्यात. आता वरचं बटणही फोकस करतं. तुमचे वडील अंगठ्याने पक्षी धरतात, आणि त्यांचंच बोट तो सोडून देतं. हे कुणी केलं? आमच्यातली माणसं एकमेकांचा टूथब्रश वापरतील, पण दुसऱ्याचं हे बटण हलवणार नाहीत."

काका, मीही चोवीस फोटो हातात घेऊन बसले होते आणि एकदाही लव्हाळं पाहिलं नाही. ते माझं मला पुरे आहे. पण कार्डावर प्रत्येक फोटोची तारीख असते. १८ मेच्या संध्याकाळपर्यंत एकेक पक्षी लख्ख आहे. १९ मेला सकाळी धक्क्यावर हसणारे बाबा. त्यानंतर लव्हाळी, फक्त लव्हाळी.

तुमचं २४ मेचं पत्र काढून वाचलं. 'त्याला ताळ्यावर आणावे लागले.' तुम्ही काय केलंत?

मारित

*

डिकोरा, २३ सप्टेंबर

प्रिय मारित,

विचारलेस तेवढ्याचे उत्तर देतो. व्हर्लिन धक्क्यावर होता आणि मला त्याचा फोटो हवा होता. वरचे बटण अर्धे दाबले, तरी चित्र स्पष्ट होईना. कॅमेरा बिघडला आहे असे मी समजलो. व्हर्लिन कॉफी आणायला आत गेला तेवढ्यात कॅमेऱ्याच्या पडद्यावरची यादी उघडली. 'सर्व मूळपदावर आणा' असा एक पर्याय होता, तो निवडला. बटण चालू लागले. एक दुरुस्ती केली अशा समजुतीने मी ती गोष्ट मनातून काढून टाकली. त्याला सांगितले नाही, कारण कुणी मदत केलेली त्याला खपत नाही.

अज्ञानातून घडलेली कृती आणि दोष यांत फरक केला पाहिजे. मांडणी मुद्दाम तशी केलेली असते हे मला ठाऊक नव्हते. तेच फोटो तूही पाहिलेस, आणि सही प्रथम तुझी होती.

माझी सही मी मागे घेत आहे. तसे स्वतंत्र निवेदन सोबत जोडले आहे. करार आजपासून रद्द समजावा.

तुझा,
हार्लनकाका

*

डलूथ, २९ सप्टेंबर

हार्लनकाका,

काल बाबांना घरी सोडून आले. रेमरनी बटण पुन्हा आईने लावलं होतं तसं करून दिलं. पैसे घेतले नाहीत.

तुमच्या पत्राचा पहिला आणि तिसरा परिच्छेद बाबांना वाचून दाखवला. दुसरा दाखवला नाही.

या सगळ्या प्रकरणाचे कागद मी त्यांना देऊन टाकलेत, तुमची माझ्याकडची पत्रंही. त्यांच्याबद्दलचं त्यांच्याकडेच असलेलं बरं.

मारित

*

तळ्यावरून, २८ ऑक्टोबर

प्रोफेसर,

घरी येऊन महिना झाला. आर्नीने बोट आणून दिली, वर रानतांदळाचं सूप, आणि म्हणाला, "डलूथवाल्यांनी हाकललं होय?" मोठे लून गेले. पिल्लू अजून इथेच आहे, तळ्याच्या मध्यावर, एकटं. पाणी गोठायच्या आत तेही उडेल. मासा आता सोडत नाही.

चारदा बोट घेऊन गेलो. अंगठ्याने धरलं. नेमकं धरलंय हे मला दिसत होतं. वरचं बोट दाबवेना. तुम्हा दोघांच्या सह्या झाल्या तेव्हा मीही ठरवून टाकलं होतं की मला दिसत नाही. तुम्ही दोघं माझ्यापेक्षा शहाणी आहात, म्हणूनच तर कागदावर तुमची नावं घातली होती. आता दिसतं, पण दिसलेलं खरं का, हे कुणाला तरी विचारावंसं वाटतं, आणि बोटीत कुणी नसतं. रस्त्यावरही तसंच. परवा हरीण समोर आलं. गाडी थांबवली आणि ते गेल्यावरही बराच वेळ तिथेच थांबलो, ते होतं का याचा विचार करत. मग गाडी घरी आणून लावली. आता सामान आर्नी आणतो. मारितला हे सांगितलेलं नाही.

तिने दिलेले कागद वाचले. तुझं अक्षर अजून छापल्यासारखं आहे. ९ जुलैच्या पत्रात तू लिहिलंयस, 'विरुद्ध बाजूने कोणताही पुरावा माझ्यासमोर नाही.' मी तुला जूनमध्ये लिहिलं होतं, कॅमेरा पक्षी सोडून लव्हाळं धरतो म्हणून. ते पोचलं नव्हतं का? पोस्टात गहाळ झालं असेल तर तसं लिही. मी ते खरं मानीन, आणि पुन्हा विचारणार नाही.

व्हर्लिन

*

इथे पत्रे संपतात.

जे सिद्ध करायचे होते ते झाले, असे मी मानतो. व्हर्लिनला दिसत होते. दोष कॅमेऱ्याच्या मांडणीत होता आणि ती मांडणी मी बदलली होती. त्या बदलाची नोंद २३ सप्टेंबरच्या पत्रात आहे. ती इथे पुन्हा करीत नाही. त्या पत्रात माझ्या मुलीसारख्या असलेल्या पुतणीवर मी जे ढकलले, तेही तिथेच वाचता येईल.

इथे नोंदवायची चूक निराळी आहे.

व्हर्लिनचे १९ जूनचे पत्र गहाळ झाले नव्हते. ते मला २२ जूनला मिळाले. मी ते उभ्याने वाचले, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवले. ज्याची दृष्टी जात आहे तो साधनाला दोष देणारच, असे मी त्या क्षणी ठरविले. म्हणजे जे सिद्ध करायचे होते तेच गृहीत धरले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला उठवून फळ्यापाशी उभे केले असते. पुढे फोटो आले, तेव्हा त्यांत लव्हाळे पाहायला सांगणारे एकच माणूस होते, आणि त्याचे पत्र माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होते. मी ते मारितला दाखवले नाही. त्याला उत्तर दिले नाही. वाद न घालण्याचा शब्द देऊन बसलेल्या माणसाने कसाबसा एक प्रश्न विचारला होता, आणि तो माझ्याजवळ आहे हे ठाऊक असूनही, पुरावा नाही, असे मी लिहिले आणि सही केली.

पत्र मला मिळाले होते, व्हर्लिन. मी वाचले होते.

हार्लन ऑस्टबी